घोड्यावरची लांबची रपेट: बैठक कशी वाचवायची?

पेठकर (धागाकर्ता)

मंडळी, विषय नाजूक आहे, पण इथे घोडेवाले बरेच आहेत म्हणून लाज सोडून विचारतो.

वय ४६, वजन ७८. दोन वर्षांपासून दर रविवारी सकाळी तासभर रिंगणात घोडा चालवतो. दुडकी (ट्रॉट) जमते, कँटरही (सावकाश दौड) बऱ्यापैकी. त्या जोरावर गेल्या वर्षी दोन दिवसांच्या ट्रेलला गेलो. पहिल्या दिवशी १८ किलोमीटर, दुसऱ्या दिवशी २२. पहिल्या संध्याकाळी फक्त अंग आंबलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर मात्र प्रत्येक पावलाला डोळ्यांपुढे काजवे. परतताना हॉटेलात सगळे बसून मिसळ खात होते आणि मी खांबाला टेकून उभ्यानं. घरी आल्यावर पाहिलं तर कातडं सोललेलं. पुढचे आठ दिवस ऑफिसात खुर्चीवर उशी. कारण विचारणाऱ्यांना मूळव्याध सांगितलं, ते जास्त सन्माननीय वाटलं.

आता जानेवारीत राजस्थानात शेखावाटीत जातोय. नवलगढहून निघून मंडावा, फतेहपूरच्या बाजूनं चार दिवस, रोज २५ ते ३० किलोमीटर, मारवाडी घोडे. पैसे भरून झालेत. तयारी म्हणून २३०० रुपयांचं जेलचं सीट कव्हर घेतलंय. ते बघून बायको म्हणाली, "तुझं झालं, घोड्याला विचारलंस का?"

अजून काय घेऊ? कुठली पँट, कुठलं मलम?

उंडगा

खोगीरभरती हा शब्द आजवर नुसता वापरत होतो. आज प्रत्यक्ष पाहिली. :)

सायकलवाला_नगर

सायकलची पॅडवाली चड्डी घ्या. मी त्यावर २०० किलोमीटरची ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब सायकलफेरी) करतो. आत काहीही घालायचं नाही, थेट कातडीला. भरपूर क्रीम. विषय संपला.

नागपूर_ते_नेवाडा

सायकलवाला, विषय संपत नाही. :) सायकलवर तुम्ही पुढे वाकून एका जागी बसता, आणि त्या चड्डीचं पॅड त्या जागेसाठी बेतलेलं असतं. घोड्यावर आपण ताठ बसतो, शिवाय सतत थोडं पुढे-मागे होतो. पॅडची जाड कडा नेमकी मांडीच्या वळणात येते आणि तीच कापते. काही जणांना चालतं, मला एका दिवसात नकोसं झालं. घोडेस्वारीसाठी पातळ पॅडच्या वेगळ्या मिळतात, त्या बऱ्या.

माझं म्हणाल तर मी इथे अमेरिकेत सिएराच्या डोंगरांत एन्ड्युरन्स (घोड्यावरच्या लांब पल्ल्याच्या शर्यती) करते. ८० किलोमीटरच्या बऱ्याच केल्यात. टेव्हिस नावाची १०० मैलांची जी शर्यत आहे (१९५५ पासून चालू आहे, २४ तासांत पुरी करावी लागते) तिथे मात्र अजून फक्त स्वयंसेवक म्हणून उभी राहिलेय. रात्री दोन वाजता टॉर्चच्या उजेडात येणारे स्वार जवळून पाहिले की एक गोष्ट कळते: ज्यांचं खोगीर सगळ्यात गुबगुबीत ते सगळ्यात ताजे, असं काही नसतं. ताजे असतात ते अर्धा वेळ खोगिरावर बसलेलेच नसतात. चढाला पुढे झुकून रिकिबीत (पाय ठेवायच्या कडीत) उभे, दुडकीला वर-खाली, आणि उताराला सरळ खाली उतरून घोड्याबरोबर पायी पळत.

कपड्यांबद्दल: जीन्स अजिबात नको. मांडीच्या आतून जी दुहेरी शिवण जाते ना, ती करवत आहे. राइडिंग टाइट्स किंवा ब्रीचेस, ज्यांची शिवण बाहेरच्या बाजूला असते. आतले कपडे विनाशिवणीचे आणि सुती नकोत. सुती घाम धरून ठेवतं, ओलं कातडं लवकर सोलतं. पुरुषांनी सैल बॉक्सर घालू नये, घडी पडते (आणि इतरही कारणं आहेत, समजून घ्या). टाल्कम पावडर नको, घामात तिचा लगदा होतो. व्हॅसलीन किंवा सायकलवाल्यांचं क्रीम निघायच्या आधी लावा, झोंबायला लागल्यावर नाही.

रिसाला_निवृत्त

पेठकर, मी रिमाउंटमध्ये (सैन्याच्या घोड्यांच्या खात्यात) २२ वर्षं काढली. मलमाचं नंतर बघू. आधी तीन प्रश्नांची उत्तरं द्या.

१. कातडं दोन्ही बाजूंना सारखं सोललं होतं की एकीकडे?
२. गुडघा दुखला का? कुठला?
३. घोड्यावर चढताना खालून रिकिबीत पाय टाकून चढलात की दगडावरून?

उंडगा

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. व्योमकेश बक्षींची एंट्री झालेली आहे.

पेठकर

रिसालदार साहेब, तुम्ही विचारलंत म्हणून आठवून बघितलं. सोललं होतं ते डाव्या बाजूला. उजवीकडे नुसतं लाल. गुडघा दुखला, पण उजवा! मला वाटलं वयाचा आहे. चढलो खालूनच, दिवसातून सहा-सात वेळा, कारण फोटो काढायला उतरत होतो.

रिसाला_निवृत्त

वाटलंच. तुमची डावी रिकीब लांब होती.

आपण सगळे डावीकडून चढतो. प्रत्येक वेळी अख्खं वजन डाव्या पट्ट्यावर. कातडी पट्टा ताणत जातो. भाड्याच्या खोगिरावर वर्षानुवर्षं शंभर माणसं चढली की डावा पट्टा दीड-दोन बोटं लांब होतो, आणि भोकं मोजली तर दोन्हीकडे सारखीच भरतात! म्हणून आमच्याकडे पट्ट्यांची अदलाबदल करायची शिस्त होती, डावा उजवीकडे, उजवा डावीकडे.

डावी लांब असली की डावा पाय तिला गाठायला खाली जातो, पाठोपाठ डावं ढुंगण खाली दाबलं जातं, सगळं वजन त्या एका हाडावर. उजवा गुडघा मात्र जास्त मुडपलेला राहतो म्हणून तो ओरडतो. तासाभराच्या रविवारी हे कळत नाही. पाचव्या तासाला कळतं.

त्या सहलीचा मागून काढलेला फोटो असेल तर बघा.

पेठकर

मित्रानं मागून काढलेला एक सापडला. घोड्याची शेपूट आणि माझी पाठ, असा भिकार फोटो म्हणून कुणाला पाठवलाही नव्हता. साहेब, डावी टाच उजवीपेक्षा चांगली तीन बोटं खाली आहे. खोगिराची मधली रेघ घोड्याच्या कण्यावर नाही, डावीकडे सरकलीय. आणि माझा उजवा खांदा असा पडलाय की खांद्यावर पिशवी आहे असं वाटावं.

दोन दिवसांत सात माणसं माझ्या मागून चालत होती. एकालाही दिसलं नाही.

पशुवैद्य_परभणी

धागा वाचतोय. पेठकरांच्या सौभाग्यवतींनी विचारलेल्या प्रश्नाकडे कुणीच वळलं नाही म्हणून लिहितो.

तुमचं डावं सोललं, तर त्या घोड्याच्या पाठीला डावीकडे काय झालं असेल? स्वार वाकडा बसला की खोगीर सरकतं आणि घोडा ते सावरायला अंग वाकडं धरून चालतो. मग त्याची चाल बिघडते, आणि ती बिघडलेली चाल पुन्हा तुमच्या ढुंगणाला बसते.

खोगीर काढल्यावर लगेच पाठ बघायची सवय लावा. घाम सगळीकडे सारखा हवा. ओल्या पाठीवर मध्येच हाताएवढी कोरडी जागा दिसली तर आनंद मानू नका. बहुतेक वेळा तिथे इतका दाब पडलेला असतो की घामच आलेला नाही. नंतर त्या जागेवर पांढरे केस उगवतात. बाजारात घोडं बघताना पाठीवरचे असे पांढरे ठिपके म्हणजे त्याच्या आधीच्या मालकाचं प्रगतिपुस्तक. खोगीर घालण्यापूर्वी आणि नंतर पाठीच्या दोन्ही अंगांनी बोटं दाबत न्या. घोड्यानं कातडी थरथरवली, पाठ खाली घातली की समजावं.

वजनाचंही बोलून टाकतो. खोगीर, पिशव्या, पाण्याची बाटली धरून घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांच्या आत राहावं असा ढोबळ नियम आहे. मारवाडी घोडं साधारण साडेतीनशे-चारशे किलोचं. तुम्ही ७८, खोगीर सात-आठ किलो. हिशेब करा. मोठ्या हाडाचं जनावर मागून घ्या, आणि जानेवारीपर्यंत मिसळीबरोबरचे पाव कमी करा.

जेलच्या कव्हरमुळे तुमची बैठक उंच होते आणि तुम्ही घोड्यापासून लांब जाता. डोलारा जितका उंच तितका हलतो. एवढंच सांगतो, २३०० रुपये तुमचे आहेत.

तापीकाठ

डॉक्टर, पांढऱ्या ठिपक्यांचं बरोबर बोललात. आमच्या सारंगखेड्याच्या यात्रेत व्यापारी ते ठिपके रंगवूनही आणतात. ओल्या फडक्यानं पुसून बघायचं.

पेठकर दादा, तुम्ही नशीबवान आहात. मारवाडी घोड्यात काही रेवाल चालीचे असतात. साध्या दुडकीत घोडा तिरके पाय (पुढचा उजवा, मागचा डावा) जोडीनं टाकतो, मध्ये क्षणभर चारही पाय हवेत, आणि मग धप्प. तो धप्प म्हणजे तुमचं दुखणं. रेवालमध्ये पाय एकामागून एक पडतात, कायम काहीतरी जमिनीला टेकलेलं असतं. आमचे आजोबा म्हणायचे, रेवाल घोड्यावर बसून ताक प्यावं, मिशीला लागता कामा नये. साईसाला (घोडे सांभाळणाऱ्याला) पहिल्या दिवशीच विचारा, रेवाल कोण चालतो. बाकीचे सहप्रवासी दिसायला उमदं जनावर निवडतील, तुम्ही चाल निवडा.

आणि तंग, म्हणजे खोगीर बांधायचा पोटाखालचा पट्टा! चढायच्या आधी आवळला तरी दहा मिनिटं चालल्यावर परत आवळायचा. घोडं लबाड असतं, आवळताना पोट फुगवतं. आवळून झाला की त्याचे पुढचे पाय एकेक करून पुढे ओढायचे म्हणजे तंगाखाली चुरगळलेली कातडी सरळ होते. नाहीतर तिथे जखम.

उंडगा

अवांतर: थोरल्या बाजीरावाची गोष्ट सांगतात ना, लगाम घोड्याच्या मानेवर सोडलेला, भाला खांद्यावर, आणि स्वारी चालत्या घोड्यावर कणसं चोळून खातेय. निजामाच्या चित्रकारानं तसंच चित्र काढून नेलं म्हणे. त्यांना कुठलं मलम होतं?

रिसाला_निवृत्त

उंडगा, गोष्ट खरी-खोटी देव जाणे, पण उत्तर तिच्यातच आहे. कणीस चोळायला दोन्ही हात लागतात. म्हणजे लगामाला लोंबकळणं नाही. चालत्या घोड्यावर दाणे तोंडापर्यंत जायचे तर कंबर सैल हवी. हातपाय आखडलेला माणूस दाणे नाकात घालेल.

नवशिका घाबरला की गुडघ्यांनी घोड्याला चिमटा काढतो. चिमटा काढला की तो कपड्याच्या चिमट्यासारखाच वर सरकतो, खोगिरापासून उचलला जातो, मग पडतो, परत उचलला जातो. कातडं या घासण्यानं जातं. मांड पक्की म्हणजे आवळलेली मांड असा लोकांचा गैरसमज आहे. मांड वजनानं पक्की होते, पाय खाली लोंबून. आमचे उस्ताद रिकिबी काढून घेऊन महिनाभर चालवायचे आणि रिंगणाच्या मधून ओरडायचे, "एडी नीचे, नजर सामने!" पहिला आठवडा आम्ही सगळे रडलो. चौथ्या आठवड्यात लोक दुडकीवर गप्पा मारत होते.

तुम्हाला महिना नाही. रविवारच्या तासात शेवटची दहा मिनिटं रिकिबीशिवाय, नुसत्या कदमचालीवर. मग दोन-चार मिनिटं दुडकी. बास.

लांबच्या वाटेला रिकीब रिंगणापेक्षा एखादं भोक लांब ठेवा. पाय मोकळा सोडला की रिकिबीचा तळ घोट्याच्या हाडाशी यावा. आणि तिकडच्या खोगिरावर चढण्यापूर्वी दोन्ही पट्टे काढून शेजारी लटकवा, डोळ्यांनी मापा. भोकं मोजू नका.

नागपूर_ते_नेवाडा

+१. रिसालदार साहेबांना आणखी एक जोडते. सरळ वाटेवर रायझिंग ट्रॉट (दुडकीच्या तालावर उठबस) करताना आपण नकळत एकाच तिरक्या जोडीवर वर-खाली करतो. रिंगणात दिशा बदलली की सर "बदला" म्हणून ओरडतात. माळावर ओरडायला कुणी नसतं. दर दहा-पंधरा मिनिटांनी एक ठोका जास्त बसायचं, की बाजू बदलते. घोड्याच्या पाठीलाही विश्रांती आणि तुमच्या कंबरेलाही.

तासातून एकदा उतरून पाच-दहा मिनिटं पायी चाला. मला आधी हे कमीपणाचं वाटायचं. पायात रक्त फिरतं, बोटांचा बधिरपणा जातो. शर्यतीत तर मधल्या तपासणीला घोड्याची नाडी ठरलेल्या आकड्याखाली आल्याशिवाय पुढे सोडतच नाहीत, म्हणून शेवटचा अर्धा-एक किलोमीटर बरेच जण घोडा हातात धरून चालत येतात.

बूट टाचेचेच. सपाट स्पोर्ट शूज रिकिबीतून आरपार जातात, आणि पाय अडकलेल्या माणसाला घोडा कसा फरफटत नेतो ते मी एकदा पाहिलंय. पुन्हा पाहायचं नाही.

कस्तुरी_मिरज

ताई, बायकांसाठी काही? मी पण जायचा विचार करतेय. मला मागे नाही, पुढच्या बाजूला दुखतं. क्लबात सरांना विचारायची सोय नाही.

नागपूर_ते_नेवाडा

कस्तुरी, हे फार जणींना होतं आणि कुणी बोलत नाही. तू कंबर पुढे वाकवून, पोकळी करून बसत असणार. मग वजन बैठकीच्या दोन हाडांवरून सुटून पुढच्या हाडावर येतं. लाकडी खुर्चीवर तळहात खाली ठेवून बस, दोन हाडं हाताला लागतील. कंबर पुढे-मागे कर, ती कधी हातातून निसटतात ते कळेल. त्यांच्यावर बसायचं. एवढं करूनही दुखलं तर खोगीर तुझ्यासाठी अरुंद किंवा पुढून उंच आहे, दुसरं मागून घे. भिडेखातर बसू नकोस. चांगली स्पोर्ट्स ब्रा सगळ्यात आधी. आणि पाणी कमी पिऊ नकोस "झाडामागे जायला नको" म्हणून. त्यानं डोकं चढतं, पेटके येतात आणि तोल जातो.

कस्तुरी_मिरज

खुर्चीवर करून पाहिलं. अगदी तसंच होतंय. थँक्यू ताई. _/\_

पेठकर

मंडळी, जाऊन आलो. धाग्याला वृत्तांत देणं लागतो.

वजन ७४ वर आणून गेलो. पहिल्या सकाळी तबेल्यात उभा होतो, इतक्यात म्होरक्या आतल्या पोरावर ओरडला, "काठी लाओ, साब की काठी लाओ!" मी दोन पावलं मागे सरलो. तिकडे खोगिराला काठी म्हणतात हे कुणी सांगितलं नव्हतं.

काठी आली. जुन्या लष्करी घाटाची, टणक, वर गादीचं नाव नाही. पट्टे काढून लटकवले. दोन्ही अगदी सारखे! म्होरक्या हसला. म्हणाला, दर महिन्याला अदलाबदल करतो, त्याचे वडील रिसाल्यात होते. रिसालदार साहेब, तुमची आठवण काढली.

घोडी मिळाली केसर नावाची, रुंद छातीची, कानांची टोकं एकमेकांना टेकलेली. रेवाल म्हणाल तर अर्धवट. तिच्या मनात आलं की पाव किलोमीटर अशी तरंगत जायची की खरंच ताक पिता आलं असतं, आणि मग आठवण झाल्यासारखी परत धपाधप दुडकी.

जेल कव्हर पहिल्या दोन तासांतच काढलं. वाळूत घोडी पाय रुतवून चालते तेव्हा ते माझ्याखाली सरकत होतं, साबणावर बसल्यासारखं. तळावर स्वयंपाक्याला दिलं. तो चार दिवस चुलीपुढे त्याच्यावर बसून बाजरीच्या भाकरी थापत होता, अतिशय खूश. म्हणजे पैसे अगदीच वाया गेले नाहीत.

फतेहपूरच्या बाजूला थंडीनं हाल. पहाटे घोड्यांच्या पाठीवरच्या झुलीवर दव गोठून पांढरं झालेलं. बोटं आखडली की माणूस सगळाच आखडतो, आणि आखडला की चिमटा सुरू. म्हणून पहिला अर्धा तास सगळे पायीच. शेताच्या कडेनं, खेजडीच्या झाडांमधून, घोडा हातात धरून. तिसऱ्या दिवसापासून मला तो अर्धा तासच जास्त आवडायला लागला.

आता मुख्य मुद्दा. ढुंगण शाबूत! चारही दिवस. कातडं गेलं ते भलतीकडेच, डाव्या पोटरीला. रिकिबीच्या पट्ट्याची कडा टाइट्सवरून घासत होती आणि चॅप्स (पोटरीवर बांधायची आवरणं) मी पुण्यात विसरलो होतो. दुसऱ्या रात्री क्रेप बँडेज गुंडाळलं, काम भागलं. उजव्या करंगळीलाही लगामानं फोड. त्यावर तुम्ही कुणी काही बोलला नव्हतात, म्हणून नोंद करतो.

रोज संध्याकाळी केसरची पाठ बघायचो. तिसऱ्या दिवशी उजवीकडे, खांद्यामागे, हाताएवढी नाही पण रुपयाएवढी कोरडी जागा दिसली. म्होरक्याला दाखवली. त्यानं खोगिराखालचा नमदा (जाड लोकरी घडी) उलगडला तर त्यात बोराच्या काटक्या अडकलेल्या. काढून, झटकून, घडी बदलली. चौथ्या दिवशी पाठ सारखी ओली.

बायकोला सांगितलं, यंदा घोड्यालाही विचारलं.

पशुवैद्य_परभणी

उत्तम. खोगीर सगळे बघतात, नमदा झटकून कुणी बघत नाही.

उंडगा

स्वयंपाक्याचा अनुभवही लिहून घ्या. जेल कव्हरचा एकमेव समाधानी ग्राहक.

तापीकाठ

पेठकर दादा, आता दत्तजयंतीला सारंगखेड्याला या. पूर्ण रेवाल दाखवतो. ताक आमच्याकडून, मिशी तुमची.

पेठकर

येतो. मिशी नाहीये, आजपासून सोडतो.

कस्तुरी_मिरज

करंगळीच्या फोडाला काय लावलंत? मला पण येतात.

रिसाला_निवृत्त

काही लावू नका. लगाम करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाच्या मधून घ्या, आणि हातमोजे घाला. पेठकर, तुमची उजवी करंगळी म्हणजे अजून उजवा हात ओढताय. पुढच्या रविवारी कुणाकडून तरी मागून फोटो काढून घ्या.